'रूकरी नूक'बद्दल थोडी भर

'रूकरी नूक' (१९३०) हा ब्रिटिश विनोदी बोलपट म्हणजे नुसतं चित्रित केलेलं नाटक, कॅमेरा जागचा हलत नाही, अशी त्याच्यावर टीका होते. ते खरंच आहे. पण सुरुवातीच्या बोलपटांत कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंदिस्त खोलीवजा पेटीत ठेवत. तो हलणार तरी कसा?

मला तर हे नाटकपणच या चित्रपटाची दौलत वाटते. बेन ट्रॅव्हर्सचं हे प्रहसन १९२६ मध्ये लंडनच्या ऑल्डविच थिएटरात आलं आणि त्याचे ४०० हून जास्त प्रयोग झाले. टॉम वॉल्स, राल्फ लिन, रॉबर्टसन हेअर, विनिफ्रेड शॉटर, मेरी ब्रफ ही रंगमंचावरचीच मंडळी पडद्यावर आली, दिग्दर्शनही वॉल्सचंच. इतक्या प्रयोगांत मुरलेलं टायमिंग नव्या नटसंचाला कुठून जमणार?

सावत्र बापाच्या जाचातून पळालेली मुलगी रात्री पायजम्यावरच घरात येते, तो प्रसंग पुन्हा बघा. एका डोळ्यावर भिंग लावलेला लिन गोंधळतो, वाक्य अर्धवट सोडतो, भलतंच पकडतो. नाटकात हशा ओसरेपर्यंत थांबता येतं, पडद्यावर ती सोय नाही. तरी त्याची लय तुटत नाही. त्या काळचा लंडनचा रंगमंच आपल्याला इतक्या जवळून आणखी कुठे बघायला मिळणार?