"पुन्हा बोलायला लागलो" म्हणजे आधी भांडण होतं का? (शब्द सुचवा)

फोंडेकरीण
मंडळी, एक अडचण आहे, हसू नका. १९८८च्या जुलै-ऑगस्टात मी लिस्बनला पोर्तुगीजच्या उन्हाळी वर्गाला गेले होते, वय २१, घराबाहेर पहिल्यांदाच. ग्रासा म्हणून टेकडीवरचा भाग आहे, तिथे एका बाईंकडे खोली घेतलेली आणि त्यांच्या लेकीशी अशी गट्टी जमली की दोन महिने आम्ही एकमेकींची पाठ सोडली नाही. नंतर तीन-चार वर्षं पत्रं चालली. मग माझं लग्न झालं, तिच्या एका पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, आणि झालं. आता तिची आई वारली, घर आवरताना आमचा फोटो सापडला म्हणून तिने मला फेसबुकवर शोधलं, तेही माहेरच्या नावाने, मी सापडणार कशी, लग्नात माझं नाव-आडनाव दोन्ही बदललंय. शेवटी माझ्या भावाला गाठलं तिने. मी एवढ्या आनंदाने घरच्या ग्रुपवर टाकलं की "३६ वर्षांनी आम्ही पुन्हा बोलायला लागलो" तर पुण्याची वहिनी लगेच, "अगंबाई! भांडण कशावरून झालं होतं?"
तर प्रश्न असा, की न भांडता, न रुसता, नुसतं आपसूक थांबलेलं बोलणं परत सुरू होतं त्याला मराठीत काय म्हणायचं? आणि तो जो मधला काळ, त्याला काय?

मडगावचा_मधू
रिकनेक्ट झालो. सगळ्यांना कळतं. पुढे चला.

गुरुजी_डिचोली
मधू, सगळ्यांना कळतं म्हणून सगळंच उसनं आणायचं का? ताई, "पुनःसंधान" हा शब्द आहे. तुटलेलं सांधणं या अर्थी.

फोंडेकरीण
गुरुजी, पण तुटलं कुठे होतं? आणि "संधान बांधलं" म्हटलं की वहिनीचा पुढचा प्रश्न भलताच असेल 😄

आडपईची_सून
वहिनींचं बरोबरच आहे पण. अबोला म्हणजे राग, दुरावा म्हणजे मनात काहीतरी आलं, ताटातूट म्हणजे कोणीतरी ओढून वेगळं केलं, विरह तर प्रेमातलाच. "अंतर पडलं" हा त्यातल्या त्यात सौम्य पण त्यातही किंचित कडू चव आहेच. आपल्याकडे दोन माणसं बोलत नाहीत म्हणजे कोणाचं तरी चुकलेलं असायलाच हवं, नाहीतर शब्दच नाही. त्यात ३६ वर्षं, छत्तीसचा आकडा, पाठीला पाठ लावून बसलेले 😂

शंकासुर
एक बारीक शंका. पत्रं तीन-चार वर्षं चालली म्हणता, म्हणजे खंड ३२-३३ वर्षांचा, ३६ नव्हे. आकडा सुधारला तर भांडण आपोआप मिटेल. आणि दुसरं, जुलैत उन्हाळी वर्ग? जुलै म्हणजे आषाढ. उन्हाळा एप्रिल-मे.

फोंडेकरीण
अहो तिथे जुलैतच कडक ऊन. आईचं पत्र यायचं की अंगणात पाणी भरलंय, माडाचं झावळं कौलांवर पडलं, आणि मी इकडे घामाघूम. मला आजही त्या दिवसांना "उन्हाळा" म्हणावं की नुसतं "ते दोन महिने" ते ठरवता येत नाही, पण हा प्रश्न नंतर, आधी वहिनी.

पणजीकर_सौमित्र
कुणीच कसं म्हटलं नाही अजून? साउदाद! पोर्तुगीज शब्द, दूर गेलेल्याची मनात राहिलेली ओढ. गोव्यात बसून दुसरा शब्द कशाला शोधता. घ्या सरळ मराठीत. पगार घेतला, चावी घेतली, बादली घेतली, हाही घ्या.

आडपईची_सून
आलं साउदाद. पर्यटकांच्या टीशर्टावर आणि कॅफेच्या पाटीवर असतं तेवढं पुरे नाही का? पोर्तुगीजांकडून आपण पगार घेतला, लिलाव घेतला, तुरुंग घेतला. कामाचं घेतलं. हुरहुर आपल्याकडे घरची होती.

पणजीकर_सौमित्र
हुरहुर वेगळी. साउदादचं मूळ एकटेपणा असा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दात आहे. काही लोक अरबीतल्या "काळ्या पित्ता"शी जोडतात ते मला पटत नाही.

मडगावचा_मधू
मला वाटलं "सौदा" वरून.

गुरुजी_डिचोली
लिलाव, पगार ठीक. बादलीही पोर्तुगीज. पण उद्या कोणी साबण त्यांचा म्हणेल तर मी वाद घालणार, तो अरबीतून आलाय. आसगावात जन्मलेले कोशकार पाद्री मोन्सेन्योर दालगाद यांनी १९१३ साली या विषयावर अख्खा ग्रंथ काढला, आपण मात्र अजून टीशर्टावर अडकलोय. घमेलं नि:संशय पोर्तुगीज.

शंकासुर
साबण पोर्तुगीजच. अरबीत तो आला तोही लॅटिनमधूनच, मग भांडण कसलं.

गुरुजी_डिचोली
आलेला रस्ता महत्त्वाचा, मूळ गाव नाही.

काणकोणचो_पोर
माझं सांगतो. आमच्या शेजारी एक तारवटी होते, जहाजावर नोकरी, वर्षातले दहा महिने बाहेर. त्यांचा जहाजावरचा एक दोस्त पंचवीसेक वर्षांनी मडगावच्या बाजारात समोर उभा. ते घरी येऊन एवढंच बोलले, "आज ताची गांठ पडली." बस्स. ना राग ना लोभ. ताई, "गाठ पडली" म्हणा की.

नाशिकहून_आलेली
आमच्याकडे "गाठ पडली" म्हटलं की दोऱ्याची नाहीतर लग्नाची वाटते, आणि "गाठ माझ्याशी आहे" म्हटलं तर पळायचं! शिवाय तो मराठी झाला की कोंकणी? प्रश्न मराठी शब्दाचा होता ना.

काणकोणचो_पोर
झालं, सुरू. १९८७ला गोव्याचा राजभाषा कायदा झाला तेव्हापासून हेच ऐकतोय. गाठभेट तुमच्याकडे नाही का? ती काय आम्ही पाठवली?

मडगावचा_मधू
🍿

दिवाडीचा_शेतकरी
मी शब्दकोशवाला नाही, पण आमच्याकडे खाजनात, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेल्या शेतात, एखादा तुकडा दोन-चार वर्षं पेरला नाही तर तो पडीक राहिला म्हणतात. जमीन कुठे गेली नाही, कोणी हिसकावली नाही, मालक रागावला नाही. पेरायला माणूस नव्हता, एवढंच. परत पेरली की येतं. मैत्री पडीक होती म्हणा.

आडपईची_सून
वा! 👏 हा खरा शब्द.

शंकासुर
सावध, गोव्यात पडीक म्हणून सोडली की कूळ लागतं.

दिवाडीचा_शेतकरी
तेही खरं. आणि बांध फुटून खारं पाणी आत आलं तर पुढची काही वर्षं गेलीच. त्यामुळे शब्द सगळीकडे चालणार नाही. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं कोणीतरी वेळेवर उघडबंद करायला लागतात.

गुरुजी_डिचोली
यावरून आठवलं, खाजनाची "मानस" आणि मनाचं "मानस" एकच असावं असं माझं जुनं मत आहे. आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं हे दोन्ही ठरवतात.

पणजीकर_सौमित्र
गुरुजी, आणि मला साउदादवरून बोलत होता तुम्ही 🙏

म्हापशाची_नीज
मी फक्त वाचते, पण एक लिहू का. फोंडेकरीणताई, तुम्ही पहिल्याच परिच्छेदात म्हणालात "उत्तर द्यायचं राहिलं". तोच शब्द. राहिलं. मराठीत "काम राहिलं" म्हणजे झालं नाही, आणि "घर राहिलं" म्हणजे पडलं नाही, टिकलं. "आमची मैत्री राहिली." आता यातलं कुठलं ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

मडगावचा_मधू
हे भारी आहे, पण वहिनी म्हणतील "कुणाकडे राहिली?"

नाशिकहून_आलेली
लहान मुलांची "बट्टी" कुणी सुचवली नाही. कट्टीनंतर बट्टी.

शंकासुर
कट्टी म्हणजे भांडणच. प्रश्न परत वाचा.

फोंडेकरीण
दोन दिवस आले नाही, इथे साबण धुऊन झाला वाटतं. सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं (घ्या, परत राहिलं), तिचा पहिला मेसेज "कशी आहेस" असा नव्हता. तिने विचारलं, "धुराचा वास आठवतो का?" २५ ऑगस्ट १९८८ला पहाटे शियादोला, लिस्बनच्या जुन्या बाजारभागात, मोठी आग लागली, जुनी दुकानं जळाली, आणि आम्ही दोघी झोपेतून उठून ग्रासाच्या टेकडीवरून बघत उभ्या होतो, नाकाला ओढण्या लावून, तिच्या नाकाला माझीच होती. मधल्या एवढ्या वर्षांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, मीही नाही. मग तिने खिडकीतल्या कुंडीचा फोटो पाठवला. तिथे जूनमध्ये सांतु आंतोनियुच्या सणाला मांजेरिकु म्हणून बारीक पानांचं तुळशीसारखं रोप देतात, त्याला नाक लावून वास घ्यायचा नसतो म्हणे, मरतं, हात फिरवून हात हुंगायचा. तेव्हा मी सवयीने वाकून नाक लावलं होतं आणि ती किंचाळली होती.

गुरुजी_डिचोली
मांजेरिकु, मंजिरी. उच्चार बघा किती जवळ. यावर स्वतंत्र धागा काढतो.

शंकासुर
गुरुजी नको.

आडपईची_सून
ताई, मग वहिनीला काय सांगितलंत शेवटी?

फोंडेकरीण
सांगितलं की ओढणीवरून भांडण झालं होतं. ती अजून तिच्याकडेच आहे.