मारवा ऐकताना धरायचे काय?

धाकटे काका : सूनबाईंनी परवा उस्ताद अमीर खाँ यांनी गायलेला मारवा राग ग्रुपवर टाकला. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना मी तो शेवटपर्यंत ऐकला, परंतु मनाला कुठेही विसावा मिळाला नाही. गाणे चांगले असेल तर ते ऐकताक्षणी भिडावे, असे माझे मत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे भजन कोणाला समजावून द्यावे लागत नाही.

मोठी आई : मलाही ताल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे उमगले नाही. शब्द मोजके, आणि तेच तेच स्वर फिरून येतात.

सूनबाई : काकाजी, विसावा मिळाला नाही हे तुम्ही अगदी बरोबर ऐकले आहे, कारण मारव्यात तो मुद्दामच लांबवलेला असतो. या रागात पंचम (प) नाही, आणि षड्ज (सा) असूनही गायक त्यावर फारसा थांबत नाही. कोमल रिषभ (रे) आणि धैवत (ध) यांच्याभोवतीच सगळी बढत, म्हणजे रागाचा विस्तार, होतो. ज्या दोन स्वरांवर आपला कान एरवी टेकतो, त्यांपैकी एक काढून घेतलेला आणि दुसरा दूर ठेवलेला, अशी ही रचना आहे. तानपुऱ्याची पहिली तारसुद्धा पंचमाऐवजी बहुधा निषादात (नी) किंवा धैवतात लावतात. म्हणून पुढच्या वेळी बाकी सगळे सोडून फक्त षड्जाची वाट पाहा. खाँसाहेब मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, निषाद, धैवत, रिषभ असे बराच वेळ फिरतात आणि मग केव्हातरी षड्जावर येतात. त्या क्षणी छातीवरचा भार उतरल्यासारखे वाटले, तर रागाचे अर्धे काम झाले असे समजा.

मोठी आई, ताल झुमरा आहे, चौदा मात्रांचा, तीन-चार-तीन-चार असा विभागलेला. आपल्या भजनाच्या ठेक्यात आठ मात्रा काही सेकंदांत पूर्ण होतात. येथे एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, सुमारे मिनिट लागते, म्हणून सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, हरवते. आठव्या मात्रेवर लक्ष ठेवावे. तेथे ‘धिं’ऐवजी ‘तिं’ वाजतो आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा थांबतो. ती ‘खाली’, म्हणजे तालातली रिकामी जागा, एकदा कानाला सापडली की पुढच्या सात मात्रा बोटांवर मोजता येतात आणि समेवर गायकाबरोबर आपणही पोहोचतो. तेच तेच स्वर वाटतात त्यामागे खाँसाहेबांची मेरुखंडाची पद्धत आहे, म्हणजे थोड्या स्वरांचे क्रम बदलत जाणे. चारच स्वर घेतले तरी त्यांचे 24 क्रम होतात आणि सात घेतले तर 5040. स्वर तेच असले तरी वाट दर वेळी वेगळी असते.

मोठे बाबा : धाकट्याचे एक म्हणणे मला मान्य नाही. भजनी मंडळात माझी हयात खंजिरी वाजवण्यात गेली. भजन समजावून द्यावे लागत नाही हे खरे. परंतु आपल्याकडची पोरे चालू लागण्याआधीपासून सामुदायिक प्रार्थनेत आईच्या मांडीवर असतात, रोज संध्याकाळी तोच ठेका आणि त्याच चाली ऐकतात. हे शिकणेच आहे, फक्त ते कोणी शिकवणे म्हणून केले नाही. मारव्याला आपण एक संध्याकाळसुद्धा दिली नाही आणि लगेच निकाल दिला.

धाकटे काका : दादा, तुमचे म्हणणे पटते. तरीही इतके ऐकून शेवटी आवडलेच नाही तर?

सूनबाई : तर आवडले नाही असे मोकळेपणाने सांगावे, काकाजी. मला स्वतःला काही राग अजूनही जवळचे वाटत नाहीत. एवढीच विनंती आहे की रोज नवे गायक शोधू नका. हीच ध्वनिफीत पुन्हा ऐका, आणि शक्यतो दिवस मावळताना ऐका, कारण मारव्याची वेळ तीच आहे. रांगेत, ट्रॅक्टरच्या आवाजात मंद्रातले स्वर कानापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि या गायकीचा गाभा तर मंद्रातच आहे.

मोठी आई : मग रविवारी दिवे लागायच्या आधी ओसरीवर बसू. मोठा आवाजाचा डबा मंडळातून आणता येईल.

मोठे बाबा : आणतो. सूनबाई, गाणे नसलेला नुसता झुमऱ्याचा ठेका तुमच्याकडे असेल तर तो आज टाका. रविवारपर्यंत मला ती आठवी मात्रा हाताने ओळखता आली पाहिजे.