मदत हवी आहे: शिकवण्याची नोकरी की टेक सपोर्टची? सोमवारपर्यंत कळवायचे आहे

नवी_वाट
नमस्कार. मला दोन ठिकाणांहून नोकरीसाठी होकार आला आहे. एक काम शिकवण्याचे आहे आणि दुसरे टेक सपोर्टचे. दोन्हीकडे सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. या दोन कामांत टिकण्यासाठी आणि ती चांगली करण्यासाठी माणसाच्या अंगी नेमके कोणते गुण असावे लागतात, हे जाणकारांनी सांगावे. ‘संयम हवा, संवादकौशल्य हवे’ हे मी सगळीकडे वाचले आहे, आणि त्यामुळे माझा निर्णय जराही पुढे सरकलेला नाही. विषय तातडीचा आहे, तेव्हा शक्य तितक्या लवकर लिहावे.

शंकेखोर
शिकवायचे काय आणि कोणाला? लहान मुले, महाविद्यालयीन विद्यार्थी की प्रौढ? टेक सपोर्ट फोनवर आहे, चॅटवर आहे की प्रत्यक्ष जागेवर जाऊन? आधीचा अनुभव किती आहे? एवढे कळल्याशिवाय जे काही लिहिले जाईल, ते मोघमच असेल.

रात्रपाळी
मी टेक सपोर्टमध्ये आधी एल-वनला (ग्राहकाचा फोन सर्वात आधी घेणारी पातळी) आणि नंतर एल-टूला (तिथे न सुटलेल्या अडचणी पाहणारी वरची पातळी) काम केले आहे, त्यामुळे त्या बाजूचेच सांगतो. फोनवर रोज लागणारा गुण म्हणजे समोरच्यावर अविश्वास न दाखवता त्याचे म्हणणे पडताळून पाहणे. ग्राहक ठामपणे सांगतो की त्याने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम पाहिला, तर मशीन कित्येक दिवस सलग चालू असल्याचे दिसते. नवखा माणूस येथे ग्राहकाला खोटे ठरवून मोकळा होतो आणि संभाषण तिथेच बिघडते. वास्तविक विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप ही सोय आली आहे. ती चालू असेल, तर ‘शट डाउन’ करताना कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा उचलली जाते. पूर्णपणे नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ केल्यावरच होते. म्हणजे ग्राहकही खरे बोलत होता आणि अपटाइमचा आकडाही खरा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात असे गृहीत धरून जो पुढचा प्रश्न विचारतो, तो या कामात टिकतो.

पायरी_पायरीने
आपला बायोडेटा एका पानाचा ठेवावा आणि नेटवर्किंगचे एखादे प्रमाणपत्र मिळवावे. मुलाखतीत प्रश्न पूर्ण ऐकून घेऊन मगच उत्तर द्यावे.

नवी_वाट
@पायरी_पायरीने, मुलाखती झाल्या आहेत आणि निवडही झाली आहे.
@शंकेखोर, प्रौढांना कॉम्प्युटरचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवायचा आहे. सपोर्ट फोनवरचा आहे, एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी. परंतु माझा प्रश्न गुणांविषयीचा आहे, आणि ते विषयानुसार बदलत असतील असे मला वाटत नाही.

फळा_आणि_खडू
बदलतात, पण मुळाशी एक गुण समान राहतो. मी गणित शिकवते. एखादे मूल ५२ वजा १७ चे उत्तर ४५ लिहिते, तेव्हा ‘चूक’ अशी खूण करून पुढे जाणे सोपे असते. त्याच मुलाला ८३ वजा २९ दिले, तर ते ६६ लिहिते. आता उलगडा होतो: प्रत्येक स्थानावर लहान अंक मोठ्या अंकातून वजा करायचा, मग तो वर असो की खाली, असा नियम त्याने स्वतःशी पक्का केला आहे. ८९ वजा २३ मध्ये हाच नियम बरोबर उत्तर देतो, म्हणून त्याचा त्यावर विश्वासही बसलेला असतो. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये अशाच चुकांचा अभ्यास मांडला होता. वजाबाकीतल्या अनेक चुका निष्काळजीपणातून होत नसून, मूल एक चुकीची रीत अत्यंत इमानदारीने पाळत असते, हे त्यांनी दाखवून दिले. ती रीत शोधून काढण्याची ओढ ज्याला आहे, त्याने शिकवावे. त्याच त्या चुका पाहून ज्याला फक्त कंटाळा येतो, त्याने या वाटेला जाऊ नये, मग विषयाचे ज्ञान कितीही असो.

रात्रपाळी
@फळा_आणि_खडू, हे अगदी पटले. आमच्याकडेही रोगनिदान हेच अर्धे काम असते. म्हणूनच मला वाटते की चांगला सपोर्टवाला चांगला शिक्षकही होऊ शकतो.

फळा_आणि_खडू
येथे मात्र मी सहमत नाही. तुमचे काम अडचण दूर झाली की संपते. माझे काम अडचण दूर झाल्यावर सुरू होते, कारण पुढच्या वेळी माझ्याशिवाय ती त्याला सोडवता आली पाहिजे. उत्तर माहीत असताना ते न सांगता थांबणे हा शिक्षकाचा गुण आहे, आणि सपोर्टमध्ये तोच दोष ठरेल. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, की मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. ते तीन सेकंद वर्गासमोर उभे राहून काढणे वाटते तितके सोपे नाही.

रात्रपाळी
चांगला सपोर्टही शिकवतोच. ग्राहक तीच तक्रार घेऊन पुन्हा पुन्हा येत असेल, तर आम्ही काम पूर्ण केले असे म्हणता येणार नाही.

मधली_सुट्टी
पाच मिनिटांत ज्याला बिल काढून द्यायचे आहे, त्याला धडा नको असतो. त्याला धडा देणारा सपोर्टवाला कितीही हुशार असला, तरी त्या क्षणी तो माणसाकडे पाहत नसतो. आधी काम मार्गी लावावे, आणि नंतर ‘हे असे का झाले ते सांगू का?’ असे विचारावे. हो म्हणाला तर सांगावे.

शांततेचेही तसेच आहे. वर्गात ती उपयोगी पडते. फोनवर मात्र न सांगता ठेवलेली शांतता ग्राहकाला घाबरवते. ‘मी आता लॉग पाहतो आहे, दोन मिनिटे लागतील, आपण लाइनवर राहावे’ हे वाक्य ज्याला आपोआप सुचते, त्याला निम्मे काम येते असे मी मानतो.

कंठसंगीत
कोणी बोलले नाही म्हणून लिहितो: दोन्ही कामे आवाजावर चालतात. शिक्षकांमध्ये घशाच्या आणि स्वरयंत्राच्या तक्रारी इतरांपेक्षा अधिक आढळतात. जवळ पाणी ठेवावे, ओरडून बोलणे टाळावे, आणि घसा बसलेला असताना कुजबुजूही नये.

बाकावरचा
मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट: आपल्याला जे येते, ते न येणाऱ्याला कसे दिसत असेल याची कल्पना करता येणे. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायची आणि इतरांनी गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटले की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण गाणे चालू असते आणि ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. प्रौढांना ‘फाइल सेव्ह करा’ सांगताना हेच होते. फाइल म्हणजे काय, ती कुठे जाते आणि परत कशी सापडते, हे सारे आपल्या डोक्यात वाजत असते. शिकणाऱ्यासमोर फक्त एक बटण असते. लाजेपोटी तो विचारतही नाही. @नवी_वाट, ‘समजले का?’ असे न विचारता ‘आता तुम्ही करून दाखवा’ असे म्हणण्याची सवय तुम्हाला आहे का?

नवी_वाट
ती सवय आहे. घरातल्या आणि ओळखीच्या मोठ्या माणसांना मी बरेच काही शिकवले आहे आणि तोच प्रश्न पुन्हा आला म्हणून मला राग येत नाही. माझी अडचण वेगळी आहे. उत्तर माहीत नसताना समोरचा वाट पाहतो आहे, ही स्थिती मला सहन होत नाही. छातीत धडधडते. ज्या कामात हे कमी होईल ते निवडावे, असा माझा विचार आहे.

शंकेखोर
खरा प्रश्न हा होता, आणि तो पहिल्याच परिच्छेदात हवा होता.

रात्रपाळी
टेक सपोर्टमध्ये हे रोज होईल. परंतु तिथे त्यासाठी वाट आखून दिलेली असते. एल-वनला सगळे येत असावे अशी अपेक्षाच नसते. तिकीट (म्हणजे तक्रारीची नोंद) तयार करायचे, काय काय करून पाहिले ते लिहायचे, ठरलेल्या वेळेत सुटत नसेल तर वर पाठवायचे. न येणे हा तिथे कामाचाच एक टप्पा आहे. त्यासाठी नीट लिहिता मात्र यावे लागते. ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ असे लिहिलेले तिकीट पुढच्याच्या काहीच उपयोगाचे नसते. ‘बिल छापताना अमुक संदेश येतो, नवे बिल केले तर येत नाही, फक्त जुने उघडले तरच येतो’ असे लिहिले, तर एल-टूचे निम्मे काम झालेले असते.

फळा_आणि_खडू
वर्गात वर पाठवायला कोणी नसते, हे खरे आहे. पण वर्गात उद्याचा तास असतो. ‘हे मला आत्ता सांगता येणार नाही, उद्या शोधून आणते’ असे म्हणून दुसऱ्या दिवशी खरोखर आणले, तर प्रौढांचा विश्वास वाढतो असे मी पाहिले आहे. विसरले, तर मात्र तो पुन्हा मिळवणे कठीण जाते. आणखी एक: प्राथमिक अभ्यासक्रमात येणारे प्रश्न बरेचसे ठरलेले असतात. दोन-तीन तुकड्या झाल्या की अनपेक्षित प्रश्न विरळ होतात. सॉफ्टवेअर बदलत राहते, त्यामुळे सपोर्टमध्ये तसे होत नाही.

मधली_सुट्टी
दोन्हीकडे एक गोष्ट सोमवारच्या आत विचारून घ्यावी: तुमचे काम कशावरून मोजले जाणार आहे? सपोर्टमध्ये कॉल किती वेळात संपला यावर भर असेल, तर नीट ऐकून घेणाऱ्या माणसाची तिथे रोज ओढाताण होते. पहिल्याच कॉलमध्ये किती अडचणी सुटल्या यावर भर असेल, तर तुमच्यासारखीला ते काम मानवेल. शिकवण्याच्या ठिकाणीही नुसता अभ्यासक्रम पुरा करण्याला महत्त्व आहे, की शिकणारे स्वतः करू लागले हे पाहिले जाते, ते विचारावे.

नवी_वाट
दोन्हीकडे विचारले. सपोर्टवाल्यांनी सांगितले की कॉलचा सरासरी वेळ मोजतात, पण वर पाठवलेल्या कॉलचा वेळ त्यात धरत नाहीत. शिकवण्याच्या ठिकाणी शेवटी प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची चाचणी असते. त्यांनी उद्या एका तासाला मागे बसण्याची परवानगीही दिली आहे. तिथे बसून नेमके काय पाहू?

फळा_आणि_खडू
शिकवणाऱ्याकडे पाहू नका, शिकणाऱ्यांच्या हातांकडे पाहा. माउस सोडून कोण स्वस्थ बसले आहे, कोण शेजाऱ्याचे पाहून करते आहे, आणि शिक्षकाच्या ते लक्षात येते का. एखादा प्रश्न शिक्षकाला अडवणारा आला, तर तो काय करतो आणि वर्ग ते कसे घेतो, हे विशेष पाहावे. तेव्हा तुमच्याच छातीत धडधडले, की पुढे होऊन त्या माणसाशेजारी बसावेसे वाटले, ते येथे येऊन लिहा.

रात्रपाळी
आणि सपोर्टवाल्यांकडेही तासभर कॉल ऐकू देण्याची विनंती करा. बहुतेक ठिकाणी नव्या माणसाला दुसरा हेडसेट लावून शेजारी बसवतातच, तेव्हा ही मागणी त्यांना वेगळी वाटणार नाही.