आधी मालकाचं बोला ना

मँचेस्टर युनायटेडचा कोच अमोरिमला हाकला म्हणत होतात ते ठीके, त्याचा ३-४-३ चा (मागे तीनच डिफेंडर ठेवायचा) हट्ट माझ्यापण डोक्यात जायचा, २०२६ च्या जानेवारीत त्याला काढलापण, पण आधी मालकाचं बोला ना. मालक ग्लेझर कुटुंबानी २००५ ला कर्ज काढून युनायटेड घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच बोडक्यावर टाकलं, व्याज अजून भरतोय. मग रॅटक्लिफ भागीदार मालक म्हणून आला, वाटलं आता काहीतरी होईल, तर २०२४ च्या जुलैत तेव्हाच्या कोचचं, टेन हागचं, कॉन्ट्रॅक्ट वाढवलं आणि ऑक्टोबरमध्ये त्यालाच काढला!! वर काटकसर म्हणून स्टाफचं फुकट जेवण बंद. एवढं करून २०२४-२५ ला प्रीमियर लीगमध्ये १५ वे, आणि युरोपा लीगची बिल्बाओतली फायनल टॉटनमकडून हरलो, ती मी रात्री अडीचपर्यंत जागून बघितली, सकाळी ऑफिस होतं.