जेट स्कीचा कार्बोरेटर: किट भरायचं की नवाच घालायचा?

बामणोलीकर:
माझी जेट स्की १९९६ ची, टू-स्ट्रोक, दोन मिकुनी कार्बोरेटर. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, काठाकाठानं नीट चालते, फुल्ल रेस दिली की दम खाते. साताऱ्यातले मेस्त्री म्हणाले, दोन्ही कार्बोरेटर नवे घाला. मला पटलं नाही, म्हणून काल स्वतः खोलले. पेट्रोल आत शिरतं तिथली नखाएवढी जाळी हिरव्या चिकट गाळानं बुजलेली, लवचिक असायला हवेत ते आतले पडदे जुन्या पापडासारखे कडक. बॉडी मात्र आतून चकचकीत. ती का फेकायची? ओरिजिनल दुरुस्ती-किट, नवी सुई आणि सीट (पेट्रोलची वाट उघडबंद करणारी जोडी), बास.

मिरजेचा मोटारवाला:
दादा, बॉडी चकचकीत आहे हे मान्य. थ्रॉटलची दांडी हलवून बघितली का? इतक्या वर्षांत तिचं भोक झिजतं, तिथून जादा हवा ओढली जाते, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन तापून धरतो. कुठलंही किट ते भोक भरत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकानं हट्टानं दोनदा किट भरलं, शेवटी सिलिंडरच बोअर करावा लागला. पैसे वाचले का? आणि बामणोली-तापोळ्याच्या मधोमध बंद पडलात, वारा सुटला, तर दोर लावून ओढायला कोण येणार?

बामणोलीकर:
दांडीत तसूभर खेळ नाही. असता तर मीच नवा घेतला असता. पण तो गाळ आला कुठून, हे तुम्ही विचारलंच नाही. ९० च्या दशकातल्या काही मशिनांना करड्या पेट्रोलनळ्या असायच्या, त्या आतून खराब होऊन हिरवा गाळ सोडतात. माझ्याकडे त्याच आहेत. त्या ठेवून नवा कार्बोरेटर घातला, तर तोही बुजणार.

कोयनाकाठ:
ह्या कार्बोरेटरात फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, नसतो. क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या पेटीतल्या) दाबाच्या झटक्यांवर पडद्याचा पंप हलतो, तोच पेट्रोल ओढतो. झटके आणणारी बारकी नळी चिरली असेल तर नवा कार्बोरेटरही उपाशीच. आधी ती बदला. आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते ओलावा धरतं. पावसाळ्यात मशीन उभं ठेवताना टाकी अन् कार्बोरेटर रिकामे करा. आमच्याकडे बहुतेक कार्बोरेटर असेच उभ्या-उभ्या मेलेत, चालून नाही.

मिरजेचा मोटारवाला:
नळ्यांचं पटलं, ताई. पण माझं मत तेच. दोन कार्बोरेटर म्हणजे दोन्ही सुया जवळपास सारख्या दाबाला उघडल्या पाहिजेत. एक मागं राहिली की तो सिलिंडर लीन, आणि तोच आधी जातो. हे डोळ्यांना दिसत नाही, गेज लावून बघावं लागतं. गेज नसताना किट भरणं म्हणजे अंदाजानं औषध देणं. त्यापेक्षा ओरिजिनल नवी जोडी बरी. स्वस्तातली नक्कल मात्र मीही घालणार नाही.

बामणोलीकर:
मग गेज घेऊन रविवारी या. नळ्या मी उद्याच बदलतो. दाबात फरक निघाला तर सुईची स्प्रिंग बदलू, कार्बोरेटर नाही.