'विकेंद्रीकरण' नेमकं कशाला म्हणायचं?

पारावरचा:
आमच्या भागात अपर तहसील कार्यालयाचं उद्घाटन झालं, भाषणात पाहुणे सारखे म्हणत होते की हे सत्तेचं विकेंद्रीकरण आहे, दुसऱ्या दिवशी पेपरात पण तेच हेडिंग. ऑफिस जवळ आलं, लोकांची एक एसटी वाचली, चांगलंच झालं, पण याला विकेंद्रीकरण म्हणतात का? आणि 'स्थानिक स्वराज्य संस्था' म्हणतो त्यातल्या स्वराज्याला काही अर्थ आहे की आपलं सवयीनं म्हणतो? जाणकारांनी सांगा.

झेडपीतला जुना:
नाही, हे विकेंद्रीकरण नव्हे. सरकार जवळ आलं, सत्ता नाही आली. तहसीलदार कुठंही बसवा, त्याची बदली वरूनच होणार, त्याच्यावर प्रांत, प्रांतावर कलेक्टर, सगळी उतरंड राज्य सरकारची. सरकारी मराठीत अजून एक शब्द आहे, प्रत्यायोजन. म्हणजे साहेबानं आपला सहीचा अधिकार खालच्याला द्यायचा, अमुक रकमेपर्यंत तूच मंजुरी दे म्हणून, पण तो कधीही परत काढून घेता येतो. विकेंद्रीकरण मी तेव्हा म्हणेन जेव्हा निर्णय घेणारा तिथल्याच लोकांनी निवडून दिलेला असेल, खर्चायला त्याच्याकडं हक्काचा पैसा असेल आणि नाही जमलं तर तेच लोक त्याला घरी बसवू शकतील.

गावात हा घोळ रोजचा. तलाठी आणि ग्रामसेवक लोकांना सारखेच वाटतात. तलाठी महसूल खात्याचा, सातबारा त्याच्याकडं. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर आणि ग्रामपंचायतीचा सचिव, घरपट्टी पाणीपट्टी त्याच्याकडं, आणि ग्रामपंचायतीचा ठराव झाला तर त्याची अंमलबजावणी त्यानं करायची. 2024 मध्ये दोघांची नावं बदलून ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी केली. आता तर कोण कुणाचा ते नावावरून अजिबातच कळत नाही.

टिळक रोड:
स्वराज्याबद्दल. हिंदीत स्थानीय निकाय म्हणतात, फार तर स्थानीय स्वशासन, मराठीत मात्र स्वराज्यच घट्ट बसलंय. आणि मजा बघा, ज्या ठरावापासून हे सगळं मोजतात तो व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा 1882 चा, त्यात राज्य देऊन टाकायचा विषयच नव्हता, रस्ते दिवे गटारं इथल्या लोकांनी बघावीत आणि बघता बघता त्यांचं राजकीय शिक्षण व्हावं, इतपतच.

बरं, 73 वी घटनादुरुस्ती आली, 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. पंचायतींना स्वराज्य संस्था म्हणून काम करता यावं हे 243 जी कलमात लिहिलंय, पण अधिकार द्यायचं काम ठेवलं राज्य विधिमंडळाकडं, आणि तिथं 'देईल' नाही, 'देऊ शकेल' आहे. अकराव्या अनुसूचीतले 29 विषय, शेती, पाणी, प्राथमिक शाळा, आरोग्य, सगळे त्या 'शकेल'ला लटकलेत. शब्दचर्चा करायचीच तर त्या शकेलची करा.

पारावरचा:
पण महाराष्ट्रात झेडप्या तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत ना? आमचे आजोबा झेडपीला मिनी मंत्रालय म्हणायचे.

झेडपीतला जुना:
हो, पंचायत राज सुचवणारी बलवंतराय मेहता समिती 1957 ची, मग आपल्याकडं वसंतराव नाईक समिती, 1961 चा कायदा आणि 1 मे 1962 पासून झेडप्या चालू. त्या काळी खरंच वजन होतं. पण मिनी मंत्रालय हे कौतुक म्हणून म्हणतात तेच मला खटकतं, म्हणजे मोजमाप शेवटी मंत्रालयाचंच, जिल्ह्याची झाली तरी त्याची छोटी प्रत.

त्याहून कहर शब्द पालकमंत्री. घटनेप्रमाणे जिल्हा नियोजन समितीत किमान चार पंचमांश सदस्य झेडपी आणि नगरपालिकांतल्या निवडून आलेल्या लोकांमधून यायला पाहिजेत. आपल्याकडं अध्यक्ष कोण, तर पालकमंत्री, आणि पैसा कुठं जाणार ते बहुतेक त्याच्या कलानं ठरतं. पालक कुणाला लागतो? सातबाऱ्यावर अल्पवयीन वारसाच्या नावापुढं अ.पा.क. लिहितात ना, अज्ञान पालनकर्ता, तसा अख्खा जिल्हा अज्ञान धरलाय.

गिरगावातली:
तुमचं गावाकडचं चाललंय म्हणून शहराचं टाकते. महापौर हा शब्द सावरकरांनी दिला असं सांगतात, काय भारदस्त शब्द आहे, पण मुंबईत कारभार चालतो 1888 च्या कायद्यावर, त्यात अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताकडे आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. म्हणजे मत देतो आपण नगरसेवकाला, आणि फाइल हलते ज्याला आपण कधी मत दिलंच नाही त्याच्या टेबलावर. पूर्वी जकात तरी होती, महापालिकेची स्वतःची कमाई, 2017 ला जीएसटी आला आणि ती गेली, आता भरपाई राज्याकडून येते, म्हणजे तिकडे बघत बसायचं.

आणि 'प्रशासक' या शब्दाचा अर्थ तर आमच्या डोळ्यांदेखत बदलला. मुदत संपली आणि निवडणूक लांबली तर थोडे दिवस सांभाळणारा माणूस, असा तो होता. मुंबईची मुदत मार्च 2022 ला संपली आणि पुढे तीन वर्षांपेक्षा जास्त प्रशासकच, पुण्याचंही तसंच, कितीतरी झेडप्यांचं तसंच. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या हे घटनेत सक्तीचं आहे, तिथे कुठलंही 'शकेल' नाही. एवढं बजेट खर्च झालं आणि सभागृहात उठून प्रश्न विचारणारा एक माणूस नव्हता, नाला तुंबला तर नेमकं कुणाच्या दारात जायचं ते कळायचं नाही. तुमच्या त्या अपर तहसीलच्या उलटी केस बघा, ऑफिसं सगळी जागच्या जागी होती आणि विकेंद्रीकरण शून्य.

नागसेननगर:
सगळे एका सुरात बोलताय म्हणून जरा उलटं बोलतो. 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलं होतं की गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं आहे, मसुद्यात गाव नाही तर व्यक्ती घटक धरलीय याचा त्यांना आनंद होता. सत्ता खाली आली म्हणजे नक्की कुणाच्या वाड्यावर आली हे विचारायचं की नाही? गावच्या बड्या घराच्या हातात पाणी, रेशन आणि विहीर असण्यापेक्षा लांबचा कलेक्टर बरा, असं म्हणायची पाळी आमच्या लोकांवर कितीतरी वेळा आलीय.

टिळक रोड:
मुद्दा शंभर टक्के बरोबर. म्हणूनच 73 व्या दुरुस्तीत अनुसूचित जाती जमाती आणि महिलांच्या राखीव जागा, सरपंचपदासकट, घटनेतच घातल्या, राज्याच्या मर्जीवर नाही सोडल्या. महाराष्ट्रात 2011 पासून महिलांना 50 टक्के. 'सरपंचपती' हा शब्द पण त्यातूनच आला हे मान्य, पण नुसतं पतीराज एवढंच चित्र आता राहिलेलं नाही.

नागसेननगर:
राखीव सरपंच निवडून आला की सहा महिन्यांत अविश्वास ठरावाची कुजबुज सुरू, हे पण बघितलंय. पण ठीक आहे, खुर्ची तरी मिळाली, पूर्वी दारात उभं राहायची चोरी होती.

झेडपीतला जुना:
चांगलं उदाहरण पण सांगायला पाहिजे, गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांचीच घोषणा. तिथं ठराव बहुमतानं करत नाहीत, सर्वसहमती होईपर्यंत बसतात. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू विकायला लागणाऱ्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, सही ग्रामसभेची. मघाशी म्हणालो ते सगळं तिथं आहे, पैशासकट.

पैशाचं म्हणाल तर बाकी गावांची गोष्ट 'बंधित' आणि 'अबंधित' या दोन शब्दांत आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून 2021 ते 2026 साठीच्या, निधीतला 60 टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडं लावायचा नाही, राहिलेला 40 अबंधित, पण त्यातून पगार द्यायचे नाहीत. गावाला स्मशानभूमीकडं जायचा रस्ता पाहिजे असला तर त्या 40 मधून ओढाताण करायची नाहीतर आमदाराकडं हात पसरायचा.

म्हापशेकार:
गोव्यातून एक माहिती. आमच्याकडे पंचायत समिती नाहीच, पंचायत आणि जिल्हा पंचायत दोनच थर, वीस लाखांखाली लोकसंख्या असली तर मधला थर नाही ठेवला तरी चालतो. आणि ग्रामसभेत बिल्डरच्या प्रोजेक्टवरून जे काही भांडण होतं ते बघायला एकदा याच.

पारावरचा:
आमच्याकडं भांडायला माणसंच नसतात. कोरम लागतो ना ग्रामसभेला?

झेडपीतला जुना:
लागतो, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, जे कमी असेल ते. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभा परत घेतली की तिला कोरम लागत नाही. सरपंचांना हे पाठ असतं. त्यामुळं पुढच्या वेळी प्रोसिडिंग बघायला मागा आणि वर 'तहकूब ग्रामसभा' लिहिलंय का तेवढं आधी बघा.