कमी आवाजाचा पीसी हवाय, फोटो आणि व्हिडिओ एडिटिंगसाठी (नाशिक)

रानपाखरू
नमस्कार मंडळी, पीसी नवीन असेंबल करायचाय, जरा सविस्तर लिहितो. सिडकोत वन बीएचके आहे, कॉम्प्युटर हॉलमध्ये आणि आई पण हॉलमध्येच झोपते, त्यामुळे रात्री अकरानंतर माझं काम सुरू झालं की तिची झोपमोड. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी पहाटे नांदूरमध्यमेश्वरला जातो, पक्ष्यांचे फोटो आणि व्हिडिओ काढतो, सोनी ए७ फोर आहे, व्हिडिओ ४के, १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा, पीसीला जड प्रकार). पहाटेच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश पकडायची सेटिंग) ६४०० च्या खाली येतच नाही म्हणून लाइटरूम या सॉफ्टवेअरचं डीनॉइज (फोटोतले दाणे काढणं) जवळजवळ प्रत्येक फोटोला लागतं, आणि माझ्या जुन्या ४ कोरच्या मशीनवर (ग्राफिक कार्ड नाही) एका फोटोला चहा करून प्यायलो तरी होत नाही, तेवढा वेळ फॅन नुसता घोंघावत असतो. व्हिडिओ तर टाइमलाइनवर अडकत अडकतच चालतो. व्हॉइसओव्हर करायचा तर पीसी बंद करून मोबाइलवर बोलतो.

बजेट लाखाच्या आसपास, मॉनिटर आहे. एम. जी. रोडच्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले लिक्विड कूलर आणि आतून फोम लावलेली सायलेंट कॅबिनेट घ्या. घेऊ का? गेमिंग अजिबात नाही.

सातपूरकर
भाऊ, दोन्ही नको. आवाज दाबायच्या मागे लागू नकोस, गरमी कमी कर, आवाज आपोआप कमी होतो. फोमवाल्या कॅबिनेटचं पुढचं तोंड बंद असतं, हवा आत यायला जागा नाही, डिसेंबरात छान वाटेल पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा त्याच कॅबिनेटमध्ये फॅन जोरात फिरायला लागतील आणि फोमचा काही उपयोग राहणार नाही. पुढून जाळी असलेली घे आणि १४० एमएमचे फॅन लाव, पुढे दोन मागे एक. मोठा फॅन सावकाश फिरला तरी हवा तेवढीच देतो, आणि एकाच फॅनचा स्पीड निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे फरक कानाला लगेच कळतो.

प्रोसेसर: इंटेल आय५ १४५००. १४ कोर, बेस पॉवर ६५ वॅट. मुख्य कारण त्याचं आतलं ग्राफिक्स, ते एच.२६५ चं (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) १० बिट ४:२:२ हार्डवेअरवर उलगडतं, तुझा टाइमलाइनचा त्रास तिथेच आहे. फक्त नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर चुकूनही घेऊ नकोस, त्यात हे ग्राफिक्सच नसतं, आणि दुकानदार हजार-दोन हजार स्वस्त म्हणून हमखास तोच पुढे करतो. कॅमेऱ्यातही एच.२६५ वाला फॉरमॅट ठेव, एच.२६४ च्या ४:२:२ ला प्रोसेसरच्या ग्राफिक्सचा हा आधार मिळत नाही. मदरबोर्डाचं बायोस (त्यातलं मूळ सॉफ्टवेअर) दुकानातच नवीन टाकून घे. बायोसमध्ये पॉवर लिमिट असतं, नाहीतर हा प्रोसेसर लोडवर १५४ वॅटपर्यंत जातो. १०० च्या आसपास बांधून ठेव, एक्स्पोर्टला थोडा वेळ जास्त लागेल पण फॅन शांत राहील.

कूलर थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई, हवेचाच, उंची १५५ मिमी, कॅबिनेटमध्ये बसतो का ते आधी मोजून घे. ग्राफिक कार्ड तुला हवंच, डीनॉइजचा सगळा भार त्याच्यावर असतो. आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी बघ, १८० वॅटचं आहे. दोन-तीन फॅनचं लांब मॉडेल घे, एका फॅनचं बारकं कार्ड तेवढीच गरमी काढायला किंचाळतं. बजेट ताणलं गेलं तर साधं ५०६०, १४५ वॅट. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ७५० वॅटचा, गोल्ड म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, कमी लोडला फॅन बंद ठेवणारा. गरज चारशेचीच आहे, पण अर्ध्या लोडवर चालला की त्याचा फॅन क्वचितच फिरतो. रॅम ३२ जीबी, एसएसडी २ टीबी, यावर जास्त डोकं नको लावू.

ऑर्डर द्यायच्या आधी एक कर. आत्ताच्या पीसीचं झाकण उघड, पुठ्ठ्याची नळी कानाला लाव, ती फॉइलच्या रोलमधली असते ना तशी, आणि एकेका पार्टाजवळ नेऊन ऐक. आवाज नक्की कुठला येतोय ते कळू दे.

लग्नसराई_एडिट
दादा, लिक्विड कूलरबद्दल माझा अनुभव सांगते. मी लग्नाचे व्हिडिओ करते, गंगापूर रोडला घरातूनच काम आहे, दोन वर्षांपूर्वी हौसेने लिक्विड बसवला. पंप चोवीस तास चालू, मशीन रिकामं असलं तरी बारीक घूंऽऽ असा आवाज सतत, हेडफोन काढला की तोच ऐकू यायचा, मुलगी अभ्यासाला बसली की म्हणायची आई ते बंद कर. वर्षभरात काढून हवेचा लावला.

आणि फॅन कर्व्हकडे लक्ष द्या, म्हणजे किती तापमानाला किती स्पीड ते. एकसारखा आवाज कान विसरतो, पण वर-खाली वर-खाली झाला की डोकं उठतं. बायोसमध्ये फॅनचा स्पीड उशिरा वाढवायची सोय असते, पाच-सहा सेकंद ठेवा, मग एखादं फोल्डर उघडलं तरी फॅन धावत सुटत नाही.

आमच्याकडे चारी बाजूंनी बांधकामं चालू आहेत, जाळी दोन महिन्यात करडी होते. जाळी तुंबली की फॅनचा आवाज वाढतोच, तेव्हा पुढची जाळी सहज निघणारी बघा, ब्रशने दोन मिनिटांत साफ. यूपीएस घेणार असाल तर प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखीच लहर देणारा) घ्या. माझ्या जुन्या साध्या यूपीएसवर लाइट गेली की नवीन एसएमपीएस टिकायचाच नाही, पीसी धाडकन बंद, पावसाळ्यात एकदा लग्नातल्या संगीत कार्यक्रमाचा अख्खा एडिट गेला माझा.

रानपाखरू
ताई, सातपूरकर, मनापासून आभार दोघांचे. काल रात्री नळी लावून ऐकलं. मी दोन वर्षं फॅनला शिव्या देतोय, आणि रिकाम्या वेळेला सगळ्यात मोठा आवाज हार्ड डिस्कचा! चारपैकी दोनच स्क्रू होते, तेही ढिले, डिस्क पिंजऱ्यात थरथरत होती आणि खालचं लाकडी टेबल तोच आवाज मोठा करत होतं. पीसी बंद करून तिची वायर काढली, परत चालू केला तर आईने कुशीवर वळून विचारलं, बिघडला का रे?

आता प्रश्न त्या डिस्कचाच, ८ टीबी आहे, सगळे जुने रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ फोटो फाइली) तिच्यावर. नवीन पीसीत बसवू का?

सातपूरकर
आत नको. ७२०० आरपीएमची असेल तर सेकंदाला १२० फेरे मारते, ती घुमणार, रबर लावलं तरी थोडी राहतेच. बाहेरच्या केसमध्ये टाक, खाली जाड फोमचा तुकडा ठेव, आणि काम झालं की बंद करत जा. चालू सीझनचे फोटो एसएसडीवर, सीझन संपला की तिच्यावर. आणि दुसरी कॉपी आहे ना कुठे? ढिल्या स्क्रूवर दोन वर्षं थरथरलेली डिस्क आहे, नवीन पीसीच्या आधी एक डिस्क घे आणि सगळे रॉ तिच्यावर उतरव. ग्राफिक कार्ड महिनाभर उशिरा आलं तरी चालेल.